वाढत्या अंगाची कार सीट घेऊ नका : नाशिकच्या आईबाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. दिवाळीचा फ्रॉक पुढच्या दिवाळीला यावा, गणवेश दोन वर्षं जावा, हा हिशेब आपल्या आयांनी केला आणि आपणही करतो. कार सीटच्या बाबतीत मात्र हाच हिशेब धोक्याचा आहे. मूल आज जेवढं आहे तेवढ्याच अंगाला सीट बसली पाहिजे. थोरलीच्या वेळी मी हे चूक करून शिकले. त्यानंतर इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत, नात्यात, बालवाडीच्या फाटकाशी लोक मला जे विचारत आले, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे देते आहे.

बाळ माझ्या मांडीवर असतं, मी घट्ट धरते. मग सीट हवीच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या आईची माया मला कळते. पण एकदा आकडेमोड करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. रात्री रिकाम्या गंगापूर रोडवर एवढा वेग सहज असतो. ती कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४ पट झटका बसतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी १४० किलोच्या जोराने पुढे जातं. म्हणजे सिमेंटच्या जवळपास तीन गोण्या. एवढा भार कुठल्याही आईच्या, कुठल्याही बापाच्या हातांना पेलत नाही, कारण हात आवळायलाही तेवढा वेळ मिळत नाही.

काही जण एकच बेल्ट स्वतःला आणि मांडीवरच्या बाळाला मिळून लावतात. हे तर अजिबात करू नका. बेल्ट आणि मोठ्या माणसाचं अंग यांच्यामध्ये बाळ चिरडतं. अंगावर बाळ बांधायची झोळी किंवा कॅरियर चालायला उत्तम आहे, गाडीत नाही.

घरातले मोठे ऐकत नाहीत. "आम्ही नाही का मुलं वाढवली?" म्हणतात.

वाद घालू नका. आमच्या सासूबाईंना मी मागच्या सीटवर, बाळाच्या अगदी शेजारी बसवलं आणि सांगितलं, "आई, मांडीऐवजी त्याचा हात धरा. तुमचा चेहरा दिसला की तो रडत नाही." त्यांची बाळाशेजारची जागा गेली नाही, म्हणून त्यांनी मानलं. पुढे त्या स्वतःच नातवाला बसवण्याआधी पट्टे बघू लागल्या. आणि हो, आजीनेही बेल्ट लावायचा. मागे बेल्ट न लावता बसलेलं मोठं माणूस धडकेत शेजारच्या मुलावर जाऊन आदळू शकतं.

कायदा काय सांगतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट न लावता गाडी चालवली, तर १,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने सीट घेणारं कुणी मी अजून पाहिलेलं नाही, पण कायदा आहे हे माहीत असावं.

सीट वयावरून घ्यायची, वजनावरून की उंचीवरून?

वय सगळ्यात शेवटी बघा. एकाच वयाच्या दोन मुलांत तीन-चार किलोंचा फरक असतो, हे आपण बालवाडीत रोज बघतो. दुकानात जाताना लसीकरणाची फाईल बरोबर न्या. शेवटच्या भेटीचं वजन आणि उंची त्यात लिहिलेली असते.

आपल्याकडे अजून बऱ्याच सीटवर जुना आर ४४/०४ हा आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. तो वजनाने मोजतो. गट ०+ म्हणजे १३ किलोंपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८ किलो, गट २ म्हणजे १५ ते २५ आणि गट ३ म्हणजे २२ ते ३६ किलो. नवा आर १२९ शिक्का उंचीने मोजतो, आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते. दोन सारख्या किमतीच्या सीटमध्ये एकीवर आर १२९ असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन. आपल्या देशाचं मानक एआयएस ०७२ या नावाने आहे. आंतरराष्ट्रीय शिक्का म्हणजे सीटवर चिकटवलेलं नारिंगी लेबल. त्यावर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी एक आकडा असतो. खोक्यावर काय छापलंय ते बाजूला ठेवा, प्रत्यक्ष सीटवरचं लेबल वाचा. लेबलच नसेल तर ती फक्त गादी लावलेली खुर्ची आहे, कितीही गोंडस असली तरी.

'० ते १२ वर्षं' अशी एकच सीट घेतली तर पैसे वाचतात ना?

मी नेमकं हेच केलं होतं. थोरली जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅमची होती. तिच्यासाठी आम्ही आधीच अशी मोठी सीट आणून ठेवली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, हिचं लग्न होईपर्यंत बघायला नको." दवाखान्यातून घरी येताना तिला त्यात ठेवलं, तर सर्वात खालच्या खाचेतले पट्टेसुद्धा तिच्या खांद्यांच्या बऱ्याच वर आले. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकत होती. मुंबई नाक्यापासून घरापर्यंत मी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून बसले होते. तेव्हा वाटलं, फार तर अवघडली असेल. नंतर कळलं की तान्ह्या बाळाची मान अशी दुमडली की श्वासाची वाटच बंद होऊ शकते.

सगळ्याच मोठ्या सीट वाईट नसतात. साधारण एक वर्षानंतर त्यातल्या काही चांगल्या चालतात. पण नवजात बाळासाठी बादलीसारखी, मूठ असलेली छोटी सीट वेगळी घ्या. ती जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष पुरते हे खरं आहे. माझ्या मते ते पैसे वाया जात नाहीत. मोठी सीट घ्यायचीच असेल, तर विकत घेण्याआधी बाळाला त्यात प्रत्यक्ष बसवून बघा. पट्टे खांद्याला किंवा किंचित खाली येतात का, डोकं मागे टेकतं का, एवढं दुकानातच कळतं.

तान्ह्या बाळाला घरी आणताना काय काळजी घ्यायची?

आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट बांधतात. तसं बांधलेलं बाळ सीटमध्ये बसत नाही, कारण मधला पट्टा दोन्ही पायांच्या मधून यावा लागतो. आधी साध्या सुती कपड्यात बाळाला बसवा, पट्टे लावा, आणि मग दुपटं वरून पांघरा. सीटवर खाली गोधडी, उशी किंवा बाहेरून विकत घेतलेली जाड गादी घालू नका. सीटबरोबर आलेली नवजात बाळाची छोटी गादी तेवढी चालते.

नाशिकच्या थंडीत हे विशेष लक्षात ठेवा. निफाडकडे पारा किती खाली जातो ते आपल्याला माहीत आहे, आणि डिसेंबरमध्ये पहाटे निघायचं म्हटलं की मुलांना जाड जाकीट, स्वेटर, कुंची सगळं चढतं. जाकिटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत आतला कापूस दाबला जाऊन पट्टा ढिला पडतो. खात्री करायची तर जाकीट घालून पट्टे आवळा, मग पट्टे तसेच ठेवून जाकीट काढा आणि मूल पुन्हा बसवा. किती जागा सुटली ते दिसेल. म्हणून गाडीत पातळ कपडे, आणि पट्ट्यांवरून शाल.

या वयात सीट सुमारे ४५ अंशात कललेली हवी. लांबच्या प्रवासात मधे थांबून बाळाला बाहेर काढा. घरी पोचल्यावर "झोपलंय तर झोपू दे" म्हणून सीटमध्येच ठेवू नका. पाळण्यात किंवा सपाट बिछान्यावर निजवा.

तोंड मागे करून किती दिवस बसवायचं? वाढदिवस झाला, आता पुढे वळवू ना?

माझं उत्तर एकच आहे. जितके दिवस सीट परवानगी देते तितके दिवस. यावर मी हट्टी आहे.

जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा भाग. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे, तिचे मणके अजून पुरते हाडांचे झालेले नसतात, कूर्चाच असते. समोरून धडक झाली की पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदमच सीटच्या पाठीवर दाबले जातात. आजीने पाठीमागून हात लावून बाळ धरावं, तशी ती पाठ धरते. स्वीडनमधल्या बर्टिल ऑल्डमन यांनी १९६० च्या दशकात अशी सीट बनवली, तेव्हा अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून तो प्रचंड दाब सोसतात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्या देशात आजही मुलं चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसतात.

आर १२९ नुसार १५ महिन्यांच्या आधी मूल पुढे वळवताच येत नाही. ही कमीत कमी मर्यादा आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पूर्वी दोन वर्षं सांगितली होती. २०१८ मध्ये त्यांनी वयाची अट काढून टाकली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा, असं सांगितलं. मर्यादा आली हे कसं ओळखायचं? वजन लेबलावरच्या आकड्याला पोचलं, किंवा डोक्याच्या वर सीटची पाठ बोटभरही उरली नाही, की वळवायची वेळ झाली.

"पाय दुमडतात हो त्याचे" असं सगळे म्हणतात. दुमडू द्या. मुलं घरी तासन्‌तास मांडी घालून, बेडकासारखी बसतात तेव्हा आपल्याला काही वाटत नाही. मी धाकट्याला सव्वातीन वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवलं. घोटीजवळ समोरचा टेम्पो एकाएकी थांबला आणि आमच्या गाडीला करकचून ब्रेक लागला, तेव्हा डबा, पाण्याची बाटली, माझी पर्स सगळं पुढे येऊन पडलं. तो सीटमध्ये टेकून तसाच बसला होता आणि विचारत होता, "आई, काय पडलं?"

आयसोफिक्स चांगलं की गाडीच्या बेल्टने बांधलेली सीट?

दोन्ही नीट लावल्या तर दोन्ही चांगल्या. आयसोफिक्स म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्या पक्क्या कड्यांना सीट अडकवायची सोय. तिचा फायदा हा की चूक कमी होते. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या सांध्यात बोट घातलं की दोन लोखंडी कड्या लागतात. तिथे सीटचे हात 'खट्‌' करून बसतात आणि हिरवी खूण दिसते. पण एवढ्यावर काम संपत नाही. सीट पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधार लागतो, एक तर जमिनीवर टेकणारा पाय किंवा वरचा पट्टा. वरच्या पट्ट्याची कडी बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूला असते. सामान अडकवायच्या हुकाला तो पट्टा लावलेला मी दोनदा पाहिला आहे. गाडीचं पुस्तक उघडून कडी कुठली ते बघा.

तुमच्या जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल तर मन खट्टू करू नका. बेल्टने बसणारी सीट घ्या. सीटवर बेल्ट जायची वाट रंगाने दाखवलेली असते, बहुतेक सीटवर मागे तोंडासाठी निळी आणि पुढे तोंडासाठी लाल. बेल्ट ओढताना सीटवर गुडघा देऊन दाबा. मग बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. वरचं टोक हलवून बघू नका, ते थोडं हलतंच.

सीट गाडीत कुठे ठेवायची?

मागेच. पुढच्या जागेवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग निमिषात फुगते आणि थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. सन व्हायझरवर या धोक्याचं चित्र छापलेलं असतं.

मागे मधली जागा सर्वांत आत असते म्हणून चांगली, पण आपल्या बऱ्याच गाड्यांत ती अरुंद, उंचवट्याची असते आणि जुन्या गाड्यांत तिथे फक्त कमरेचा बेल्ट असतो. मी डावी बाजू निवडते. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो, त्यामुळे मूल फुटपाथच्या बाजूने उतरतं. द्वारका चौकाच्या गर्दीत उजवं दार उघडून मूल उतरवून बघा, मग पटेल.

पट्टे किती घट्ट? त्याला टोचत नाही का?

खांद्याच्या हाडावर पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर ढिला, बोटं घसरली तर बरोबर. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून. पीळ पडलेला नसावा. दर दोन-तीन महिन्यांनी उंची बदलते, तेव्हा खाचही बदला. मी हे वाढदिवसाशी न जोडता सणांशी जोडलं होतं. संक्रांत, पाडवा, आषाढी, गणपती, दिवाळी.

कसाऱ्याचा घाट लागला की रडतो, ओकतो. तेवढ्यापुरता मांडीवर घेऊ का?

नको. वळणं आणि उतार असलेल्या घाटातच तो बांधलेला हवा. निघायच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, काच थोडी उघडी ठेवा, इगतपुरीला थांबा, बाहेर काढून पाय मोकळे करू द्या, मग पुन्हा बसवा. समृद्धीने जाणार असाल तर थांबे आधीच ठरवा. तिथे वेग ताशी १२० पर्यंत जातो, आणि मुलाला शांत करायला पट्टा "दोन मिनिटं" सोडणं तिथे परवडणारं नाही. रडून रडून थकलेलं मूल बघताना जीव तुटतो, मला माहीत आहे. मी वणीच्या रस्त्यावर अर्धा तास थोरलीबरोबर रडले आहे. पण सीट हा नियम एकदाही मोडला नाही, की मुलं तो सूर्य उगवण्यासारखा मानून टाकतात.

खाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपण नाशिककर आहोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीत द्राक्षांची पेटी असतेच. चालत्या गाडीत लहान मुलाच्या हातात अख्खं द्राक्ष देऊ नका. ते घशात नेमकं बुचासारखं बसतं, आणि पुढे बसलेल्याला कळतही नाही. थांबल्यावर, उभे चार तुकडे करून द्या.

बूस्टर कधी? आणि नुसता बेल्ट कधी?

बूस्टर म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट नीट बसवणारी बैठक. पाच पट्ट्यांच्या सीटमधलं मूल त्या सीटच्या मर्यादेला पोचेपर्यंत बूस्टरवर आणू नका. चार वर्षांची बरीच मुलं अजून १६-१७ किलोंच्या आसपासच असतात, आणि त्यांना नीट बसण्याचा धीरही नसतो. आर १२९ मध्ये बूस्टर १०० सेंटीमीटर उंचीपासून सुरू होतो. पाठ असलेलाच घ्या. झोपल्यावर मान एका बाजूला पडते, तेव्हा ती पाठ बेल्टला खांद्यावर ठेवते.

बूस्टर सोडायची घाई सगळ्यांना असते. पाचवीतल्या मुलीला तर लाजच वाटते. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बनलेला असतो. मूल साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि वरचा गळ्याला लागतो. धडकेत तो पट्टा आतडी, यकृत यांना इजा करतो. एवढी उंची बऱ्याच मुलांना ११ वर्षांच्या आसपास येते. मुलाला गाडीत बसवून बघा: पाठ पूर्ण टेकली आहे, गुडघे सीटच्या काठावर वाकले आहेत, खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी आहे, वरचा खांद्याच्या मधोमध आहे. आणि पूर्ण प्रवासभर ते तसंच बसू शकतं का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" असेल तर बूस्टर अजून हवा. हाताखालून बेल्ट काढणं ही सवय दिसली तर त्याच वेळी थांबवा.

नवीन गाडी घेताना मुलांच्या दृष्टीने काय बघू?

गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनसीएपी ही धडकेची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, दीड आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे सीटमध्ये बसवून ते ठरतात. शोरूममध्ये मुलांचे तारे विचारा. आणि आपली सीट नेऊन तिथेच लावून बघा. मागे तोंडाची सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

जीपच्या मागच्या आडव्या बाकावर सीट लागते का? आणि स्कूटरवर?

आडव्या बाकावर नाही, कुठलीच. स्कूटरसाठी नियम वेगळा आहे: १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही हवं, आणि वेग ताशी ४० च्या आत.

उन्हाळ्यात काय?

गाडी उन्हात असेल तर बसवण्याआधी बकलला स्वतःचा हात लावून बघा, धातू चटका देतो. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा. "पाच मिनिटांत येते" म्हणून झोपलेलं मूल गाडीत कधीही सोडू नका. बंद गाडीतलं तापमान दहाच मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं, आणि मुलाचं अंग आपल्यापेक्षा फार लवकर तापतं.

पट्टे धुवायचे कसे?

ओल्या फडक्याने पुसा. कापडी कव्हर मशीनमध्ये जातं, पट्टे नाहीत. साबण आणि ब्रशने त्यांचे धागे कमजोर होतात. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा बसतो, तो झटकून काढा.

नणंदेची जुनी सीट मिळते आहे. घेऊ का?

घरातली असेल, तिचा इतिहास तुम्हाला माहीत असेल, एकाही अपघातात नव्हती याची खात्री असेल, तर आनंदाने घ्या. ऑनलाइन अनोळखी माणसाची नको. धडक बसलेल्या सीटच्या प्लॅस्टिकला आत तडा असू शकतो, बाहेरून काही दिसत नाही. सीट उलटी करून खालची तारीख वाचा. बहुतेकींचं आयुष्य सहा ते दहा वर्षं असतं, आणि आपल्या उन्हात प्लॅस्टिक लवकर कडक होतं. पुस्तिका, नवजात बाळाची गादी, वरचा पट्टा, सगळं पूर्ण आहे ना तेही बघा.

मुदत संपलेली सीट मात्र कुणाला देऊ नका. थोरलीची ती पहिली, मोठी सीट आम्ही भंगारात दिली. त्याआधी कात्रीने पाचही पट्टे मुळापासून कापले आणि पाठीवर मार्करने 'मुदत संपली, वापरू नये' लिहिलं, कारण ती चांगली दिसत होती आणि कुणीतरी उचलून आपल्या बाळाला बसवलं असतं.